मैदानावरची माणसं : रेषेवर दाबून धरलेला चेंडू

मित्रमैत्रिणींनो, अगदी खरं खरं सांगा पाहू. मधल्या सुट्टीत फुटबॉलसाठी टीम पाडता, तेव्हा गोलमध्ये कोणाला उभं करता? जो सगळ्यांत लहान, नाहीतर ज्याला धावून लगेच दम लागतो, त्याला! "तू जा रे गोलमध्ये," असं कोणीतरी म्हणतं आणि तो बिचारा दोन दप्तरांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. पुढे खेळणाऱ्यानं दहा सोप्या संधी घालवल्या, तरी "थोडक्यात हुकलं रे!" म्हणून सगळे त्याच्या पाठीवर थाप मारतात. गोलकीपरच्या हातून एकच चेंडू सुटू दे, की झालं! शाळा सुटेपर्यंत त्याला तेच ऐकावं लागतं.

मोठ्यांच्या फुटबॉलमध्येही याहून फारसं वेगळं नसतं, बरं का! गोलकीपरनं अडवलेले चेंडू लोक विसरतात आणि सुटलेले मात्र वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. आज आपण ज्याची गोष्ट वाचणार आहोत, त्याच्या बाबतीत तर अख्खा देशच बोलत होता. "म्हातारा झाला, याला लांबचा चेंडू दिसत नाही," असं लोक म्हणत. तेव्हा तो होता ३६ वर्षांचा. चार वर्षांनी, चाळिशी गाठल्यावर, त्यानं काय केलं? विश्वचषक उचलला!

त्याचं नाव डिनो झॉफ. इटलीचा गोलकीपर आणि कर्णधार.

आजी आणि आठ अंडी

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिऊली नावाचा प्रदेश आहे. तिथल्या मारिआनो देल फ्रिऊली या छोट्या गावात, एका शेतकरी कुटुंबात, २८ फेब्रुवारी १९४२ रोजी डिनोचा जन्म झाला. तिथली माणसं कष्टाळू आणि अबोल म्हणून ओळखली जातात. डिनो तर त्यांच्यातही अबोल!

चौदा वर्षांचा असताना तो इंटर मिलान आणि युव्हेंटस या दोन बड्या क्लबांकडे निवड चाचणीला गेला. दोन्हीकडून एकच उत्तर मिळालं, "उंची कमी पडते." झालं! पोरगा हिरमुसून घरी आला.

मग त्याच्या आजीनं सूत्रं हाती घेतली. रोज आठ अंडी खायची, असा तिचा हुकूम सुटला! पुढच्या पाच वर्षांत डिनोची उंची तब्बल ३३ सेंटिमीटर वाढली, असं सांगतात. आता लगेच आईच्या मागे लागू नका हं! ते वयच उंच होण्याचं असतं, तेव्हा श्रेय अंड्यांचं किती आणि वयाचं किती, हे कोण सांगणार? पण सगळ्यांनी "नाही" म्हटलेल्या मुलाच्या पाठीशी घरातलं एक माणूस ठामपणे उभं होतं, हे मात्र नक्की.

फुटबॉलचा काही भरवसा नाही, म्हणून डिनो मेकॅनिकचं कामही शिकला. मग उदिनेझे या क्लबनं त्याला घेतलं आणि १९६१ साली तो इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेतला आपला पहिला सामना खेळायला उतरला. समोर फिओरेन्टिना. निकाल काय लागला माहीत आहे? त्याच्या गोलमध्ये पाच चेंडू गेले! उदिनेझेचा संघ ५-२ असा हरला.

झॉफच्या वडिलांचा एक किस्सा इटलीत फार प्रसिद्ध आहे. एका सामन्यात झॉफनं गोल खाल्ला. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, हा गोल झाला कसा? तो म्हणाला, तो खेळाडू तिथून चेंडू मारेल असं वाटलंच नव्हतं. त्यावर वडिलांनी विचारलं, का रे बाबा, तुझा धंदा काय औषधं विकण्याचा आहे?

कळलं ना? चेंडू येईल असं औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला वाटलं नाही तर चालेल. गोलकीपरला वाटलंच पाहिजे! तेच तर त्याचं काम.

उडी कमी, डोकं जास्त

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगानं आला, तर तो एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जातो. म्हणजे ३० मीटरवरून मारलेल्या चेंडूसाठी गोलकीपरला जेमतेम एक सेकंद मिळतो. पेनल्टी ११ मीटरवरून मारतात. तिथे अर्धा सेकंदसुद्धा नाही! एवढ्या वेळात चेंडू कुठे येतोय ते बघायचं, ठरवायचं आणि तिथे पोचायचं. केवळ उड्या मारून हे कसं जमणार?

म्हणून चांगला गोलकीपर चेंडू निघण्याआधीच योग्य जागी जाऊन उभा राहतो. झॉफ यातच पटाईत होता. टाळ्या घेण्यासाठी तो हवेत सूर मारत नसे. दोन पावलं आधीच सरकलेला असे आणि चेंडू आपण होऊन त्याच्या हातात आल्यासारखा वाटे. बघणाऱ्याला वाटायचं, "यात काय मोठंसं?" हे न दिसणारं काम झॉफनं वीस-बावीस वर्षं केलं.

त्याला यश मिळालं, पण पायरी पायरीनं. उदिनेझेनंतर मांतोव्हा, मग नापोली. एप्रिल १९६८ मध्ये, २६ व्या वर्षी, तो पहिल्यांदा इटलीकडून खेळला आणि दोनच महिन्यांत इटली युरोपची विजेती झाली! त्या स्पर्धेत एक गंमतच झाली. सोव्हिएत संघाविरुद्धचा उपांत्य सामना ०-० असा सुटला. तेव्हा पेनल्टीची पद्धत नव्हती. मग काय केलं? चक्क नाणं उडवलं! नाणेफेक इटलीनं जिंकली आणि संघ अंतिम फेरीत गेला.

पण १९७० च्या विश्वचषकात गोलमध्ये दुसराच होता, अल्बेर्तोसी. युरोप जिंकणारा झॉफ संपूर्ण स्पर्धाभर बाकावर बसून राहिला. तक्रार नाही, आदळआपट नाही.

१९७२ साली युव्हेंटसनं त्याला बोलावलं. हो, तोच क्लब, ज्यानं चौदाव्या वर्षी परत पाठवलं होतं! तेव्हा झॉफ तिशीत होता. तिथे तो ११ हंगाम खेळला. एका हंगामात लीगचे ३० सामने. अकरा गुणिले तीस किती? ३३०. झॉफ सलग किती सामने खेळला? बरोबर ३३०! ना ताप, ना मुरगळलेला पाय, ना "आज नको". या काळात युव्हेंटसनं सहा वेळा लीग जिंकली.

आणि आणखी एक आकडा. १९७२ ते १९७४ या काळात देशाकडून खेळताना झॉफनं १,१४२ मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही. सामना ९० मिनिटांचा. करा भागाकार! बारा पूर्ण सामने आणि वर बासष्ट मिनिटं. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. १९७४ च्या विश्वचषकात हैती या छोट्याशा देशाच्या इमॅन्युएल सानोननं तो मोडला. तो सामना इटलीनं ३-१ असा जिंकला, तरी हैतीत आनंदीआनंद झाला. झॉफला गोल मारणं एवढं अवघड होतं!

सगळं बोट त्याच्याकडे

आता आपल्या गोष्टीतला कठीण भाग.

१९७८ चा विश्वचषक अर्जेंटिनात होता. कर्णधार झॉफच. इटलीचा संघ झकास खेळला. पहिल्या फेरीत तर त्यांनी यजमान अर्जेंटिनालाही हरवलं, जी पुढे विजेती झाली. मग सामना आला हॉलंडशी. जिंकलं की थेट अंतिम फेरी! मध्यंतराला इटली १-० अशी पुढे होती.

दुसऱ्या डावात ब्रांट्सनं लांबून चेंडू हाणला आणि गोल झाला. मग आरी हान तीस मीटरपेक्षाही लांबून मारता झाला. चेंडू खांबाला लागून आत! इटली १-२ अशी हरली. तिसऱ्या क्रमांकासाठी ब्राझीलशी सामना झाला. तिथेही नेलिन्यो आणि दिरसेऊ यांनी लांबूनच दोन गोल केले. पुन्हा १-२.

लांबून मारलेले चार चेंडू आणि चार गोल! मायदेशी टीकेचा भडिमार झाला. झॉफला लांबचं दिसत नाही, आता याला घरी बसवा, असं लिहून आलं. आपल्याकडे चाळिशी लागली की माणसाला जवळचं दिसत नाही. याला चाळिशीच्या आधीच लांबचंही दिसेना, असा इटलीचा निष्कर्ष!

अशा वेळी माणसं काय करतात? कोणी म्हणतं, "बचावफळीनं त्याला मारूच का दिलं?" कोणी मैदानाला नावं ठेवतं, कोणी वाऱ्याला. आणि कोणी खेळच सोडून देतं. झॉफनं यातलं काहीच केलं नाही. तो युव्हेंटसला परतला आणि दुसऱ्या दिवसासारखाच तिसऱ्या दिवशी सरावाला गेला. पुढच्या चार वर्षांत क्लबचा एकही लीग सामना त्यानं चुकवला नाही, हे ३३० च्या हिशेबावरून तुम्हाला कळलंच असेल.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते एन्झो बेआरझॉट. तेही फ्रिऊलीचेच, तोंडात कायम पाइप. लोकांचं ऐकून त्यांनी गोलकीपर बदलला नाही. १९८२ साली स्पेनमधल्या विश्वचषकाला इटलीचा संघ निघाला, तेव्हा कर्णधार होता ४० वर्षांचा डिनो झॉफ.

मुका बोलू लागला

सुरुवात कशी झाली? अगदी रडतखडत! पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. एकही विजय नाही. कॅमेरूननंही तिन्ही सामने बरोबरीत सोडवले होते. पण इटलीचे गोल दोन आणि त्यांचा एक, म्हणून इटली कशीबशी पुढे सरकली. वर्तमानपत्रांनी खेळाडूंच्या खेळावरच नव्हे, तर त्यांच्या खाजगी गोष्टींवरही इतकं वाईटसाईट लिहिलं, की सगळा संघ चिडला. त्यांनी ठरवलं, आजपासून पत्रकारांशी बोलायचंच नाही!

पण कोणीतरी एकानं तर बोलायला हवं. ते काम कर्णधाराचं. म्हणजे कोणाचं? अख्ख्या संघात जो सगळ्यांत कमी बोलायचा, त्याचं! झॉफ पत्रकारांसमोर जायचा, दोन-चार शब्द बोलायचा आणि परत यायचा. टोमणे ऐकायला तो एकटा, बाकीचे निवांत सरावाला. कर्णधार म्हणजे केवळ नाणेफेकीला जाणारा माणूस नव्हे, हे यावरून लक्षात येतं.

पुढच्या फेरीत बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीनं अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. सगळे चकित! पण पुढे होता ब्राझील. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, एडेर... त्या वर्षी त्यांचा खेळ बघून जग वेडं झालं होतं. त्यांना केवळ बरोबरी पुरेशी होती. इटलीला जिंकणंच भाग होतं.

५ जुलै १९८२. तोपर्यंतच्या चार सामन्यांत एकही गोल न केलेल्या पावलो रॉसीनं पाचव्याच मिनिटाला गोल मारला. सॉक्रेटिसनं बरोबरी केली. रॉसीचा दुसरा गोल. फाल्कावची बरोबरी. रॉसीचा तिसरा! ३-२. सामना संपायला एक-दोन मिनिटं उरली असताना एडेरनं फ्री किक गोलसमोर टाकली आणि ब्राझीलच्या ऑस्करनं जोरदार हेडर मारला. चेंडू जमिनीच्या दिशेनं, खांबाच्या बाजूला निघाला.

झॉफ डावीकडे झेपावला. चेंडू त्यानं रेषेवर पकडला. आणि मग त्यानं काय केलं? काहीच नाही! चेंडू तिथेच, जमिनीवर दाबून धरून तो पडून राहिला.

यात काय विशेष, असं वाटतंय ना? मग ऐका. नियम असा, की पूर्ण चेंडू पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. इकडे ब्राझीलचे खेळाडू हात वर करून "गोल! गोल!" ओरडू लागले होते. आजच्यासारखं गोलरेषेचं यंत्र तेव्हा नव्हतं. ते विश्वचषकात २०१४ साली आलं. तेव्हा सगळं पंचाच्या डोळ्यांवर अवलंबून होतं. घाबरून झॉफनं चेंडू झटकन पोटाशी ओढला असता, तर तो आतून बाहेर काढल्यासारखा दिसला असता. चेंडू किंचित हलला असता, तरी शंकेला जागा राहिली असती. म्हणून तो अजिबात हलवायचा नाही, म्हणजे तो कुठे आहे हे पंचांना नीट बघता येईल! झॉफनं पुढे सांगितलं, की ते क्षण भयंकर होते, कारण त्याची नजर पंचाला शोधत होती आणि ब्राझीलच्या जल्लोषानं पंच फसतील की काय, अशी त्याला धास्ती वाटत होती.

पंच फसले नाहीत. खेळ पुढे चालू राहिला. इटली जिंकली!

चेंडू अडवला तो हातांनी, पण सामना वाचवला तो डोक्यानं. छातीत धडधड चालू असताना हात स्थिर ठेवायचे, ही गोष्ट चाळीस वर्षांच्या त्या माणसाला जमली. चार वर्षांपूर्वी ज्याला दिसत नाही म्हणून हिणवलं होतं, त्यानं जगातल्या सगळ्यांत धोकादायक संघाचा शेवटचा चेंडू नेमका रेषेवर पाहिला आणि पकडला.

मग उपांत्य सामन्यात पोलंडवर २-० असा विजय. ११ जुलैला माद्रिदमध्ये अंतिम सामना. पश्चिम जर्मनीविरुद्ध इटलीनं पेनल्टी वाया घालवली, तरीही ३-१ असा सामना जिंकला. डिनो झॉफनं विश्वचषक उंचावला, तेव्हा त्याचं वय होतं ४० वर्षं आणि १३३ दिवस. विश्वचषक जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू म्हणून आजही त्याचंच नाव घेतात.

त्या रात्री बाकीचे खेळाडू जल्लोष करत होते आणि झॉफ आपल्या शिरेआ नावाच्या तितक्याच अबोल मित्राबरोबर शांतपणे बसला होता. दुसऱ्या दिवशीच्या विमानातला एक फोटो तर जगप्रसिद्ध आहे. इटलीचे राष्ट्राध्यक्ष पेर्टिनी, वय ८५, प्रशिक्षक बेआरझॉट, झॉफ आणि काउझिओ हे चौघं पत्ते खेळताहेत आणि शेजारी ठेवलाय विश्वचषक! इटलीनं त्या वर्षी टपाल तिकीट काढलं. चित्रकार रेनातो गुत्तुझोनं त्यावर चेहरा काढलाच नाही. फक्त चषक उचललेले दोन हात काढले. कोणाचे, ते सांगायला नकोच.

१९८३ साली, ४१ व्या वर्षी, झॉफ निवृत्त झाला. देशाकडून ११२ सामने खेळून. पुढे तो प्रशिक्षक झाला. २००० साली त्याच्या हाताखाली इटली युरोप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली आणि फ्रान्सविरुद्ध शेवटच्या क्षणापर्यंत १-० अशी पुढे होती. अगदी अखेरीस बरोबरी झाली आणि जादा वेळेत सामना गेला. एका मोठ्या राजकीय नेत्यानं त्याच्यावर जाहीर टीका केली, तेव्हा झॉफनं सरळ राजीनामा दिला. तिथेही फार न बोलता!

आता तुमची पाळी

दोस्तांनो, प्रत्येकाला कधी ना कधी गोलमध्ये उभं राहावंच लागतं. कोणाचं गणित चुकतं, कोणी स्नेहसंमेलनात वाक्य विसरतं, कोणाच्या हातून शेवटचा झेल सुटतो. सगळ्यांना दिसेल अशी चूक झाली, की वाटतं, आता उद्या शाळेत जाऊच नये. त्या दिवशी झॉफची आठवण काढा. कारणं सांगायची नाहीत, दुसऱ्यावर ढकलायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला जायचं. चूक पुसता येत नाही. पण पुढचा चेंडू अजून यायचाय!

आणि तुमच्या टीमच्या गोलकीपरच्या हातून चेंडू सुटला, तर? आधी त्याच्या पाठीवर थाप मारा.

आईबाबांनाही एक विनंती. मुलांचा सामना बघायला जरूर जा. पण गोल झाल्यावर मैदानाबाहेरून ओरडू नका. त्याला ते आधीच कळलेलं असतं. घरी आल्यावर झॉफच्या वडिलांसारखा एखादा खुमासदार टोमणा चालेल, पण त्याआधी झॉफच्या आजीसारखं जेवायला वाढा!

करून बघा : दोन खांबांना (किंवा दोन काठ्यांना) एकेक लांब सुतळी बांधा आणि दोन्हींची टोकं समोर ११ मीटरवर ठेवलेल्या चेंडूपाशी एकत्र आणा. जमिनीवर त्रिकोण तयार होईल. आता गोलरेषेच्या मध्यावर हात पसरून उभे राहा. दोन्ही बाजूंना सुतळीपर्यंत किती जागा उघडी राहते, ते मित्राला मोजायला सांगा. मग एकेक पाऊल चेंडूकडे सरका आणि पुन्हा मोजा. जागा कमी कमी का होते? आणि मग गोलकीपर अगदी चेंडूजवळ जाऊनच का उभा राहत नाही? (चेंडू डोक्यावरूनही जाऊ शकतो, एवढं सांगून ठेवतो!)

उत्तर शोधा, वहीत आकृती काढा आणि खेळाच्या सरांना दाखवा. पुढच्या आठवड्यात भेटू, मैदानावरच!